पाचाचं जास्तीचं तिकीट

पोस्टाच्या खिडकीपलीकडचा माणूस शिक्का उचलायचा तेव्हा शिक्केकाका श्वास घेत नसत. शिक्का शाईच्या गादीवर टेकला, पाकिटावर आला, दाबला गेला आणि पुन्हा वर उचलला गेला, एवढा वेळ त्यांचं सगळं अंग थांबलेलं असे. मग पाकीट हातात आलं की ते उजव्या डोळ्याजवळ नेत, अगदी चार बोटांवर. गोल पूर्ण उमटलाय का, गावाचं नाव लागतंय का, तारखेतला एखादा आकडा शाईत बुडाला तर नाही ना, हे सगळं बघून झालं की श्वास सुटे. काही बिनसलं असेल तर तोंडून एकच शब्द निघे, "फिसकटला." हा शब्द मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकला, की आमच्या घरी पोळी करपली तरी ती फिसकटते.

उजव्या डोळ्याजवळ, कारण डावा निकामी होता. निवृत्तीच्या सुमारास त्यात काचबिंदू झाला. दिसत नाही हे त्यांना बरेच दिवस माहीत होतं, पण कोणाला सांगायचं, कोणाला त्रास द्यायचा, म्हणून गप्प राहिले. डॉक्टरकडे गेले तेव्हा उशीर झाला होता. "आता एकाच डोयावर माहं सारं टपाल चालू हाय बाई," असं ते मला हसत सांगत, पण त्यातली धास्ती मला कळायची. बसमध्ये ते खिडकीपाशी बसत नसत, धूळ जाईल म्हणून. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतांच्या बाजूने चालताना डोळ्यावर रुमाल धरत. रंगपंचमीला दिवसभर दार लावून आत. काकू म्हणायच्या, "येवढं तं नवी नवरीबी तोंड झाकत नाई."

ते उमरखेडच्या डेपोला कंडक्टर होते. राहायला ढाणकीत, मूळचे जवळच्याच एका तांड्यावरचे. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडत, आणि नातू टपालाच्या थैल्या एसटीतून इकडून तिकडे नेतो, याचा त्यांना अभिमान होता. त्या काळी गावोगावचं टपाल बसने जाई. गाडी थांबली की प्रवासी उतरायच्या आधी काका थैली उतरवत, समोरच्याची सही घेत, ती सही वाचत, आणि मगच घंटी मारत. उन्हात ताटकळलेले लोक ओरडायचे. काकांचं उत्तर ठरलेलं, "तुमाले बोलता येते, उतराचं सांगू शकता. थैलीले कोन इचारते?" थैल्यांमुळेच त्यांना शिक्क्यांचा नाद लागला. गावागावाचे, पोस्टापोस्टाचे, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसाचे, नव्या पोस्टाच्या पहिल्या दिवसाचे, बंद होणाऱ्या सेवेच्या शेवटच्या दिवसाचे शिक्के. "शिक्केकाका" हे नाव पोस्टातल्या बाबूंनीच ठेवलं.

माझी त्यांची ओळख बसमध्येच झाली. मी तेव्हा नुकतीच ढाणकीच्या शाळेत लागले होते आणि उमरखेडहून रोज ये-जा करत होते. एकदा आईचं पत्र गाडीतच वाचलं, पाकीट फाडून खिडकीतून टाकायला हात बाहेर काढला, तर मागून आरोळी आली, "मॅडम, थांबा थांबा!" अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं मी बिनातिकिटाची बसले की काय. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्या हातातले दोन तुकडे अलगद काढून घेतले. "एक जानेवारीचा दारव्ह्याचा शिक्का हाय हा. असा साफ शिक्का सालातून दोनदा भेटत नाई. काहून फाडता?" मी माफी मागितली, कशाबद्दल ते न कळता. संध्याकाळच्या फेरीला त्यांनी ते पाकीट मागून कागद लावून जोडून आणलं होतं. फाटलेल्या पाकिटाला संग्रहात काही किंमत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तरी ते त्यांच्या वहीत कायम राहिलं.

मी मुळातच काळजीखोर. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, हे मी दाराबाहेरून तीनदा परत येऊन बघते. त्यामुळे आमचं जमलं असावं. मला स्वतःच्या घराची काळजी, त्यांना साऱ्या टपालखात्याची. टपालाच्या इतिहासातल्या मोठमोठ्या गोष्टी ते अशा सांगत की जणू त्या त्यांच्या भाऊबंदांच्या घरात घडल्या. आपल्याकडचं पहिलं तिकीट सिंधमध्ये निघालं, लाखेचं होतं, ही त्यांच्या मते एक दुःखद घटना. "लाख म्हंजे तुटनारच. लोकायनं पत्र वाचलं, तिकीट झडलं, झाडून फेकलं. आता जगात किती उरले तं बोटावर मोजा. त्या येळेस कोनी एक माणूस जपनारा असता तं?" प्रयागहून यमुनेवरून नैनीला पहिल्यांदा विमानाने टपाल गेलं, ती घडीभराची फेरी सांगतानाही त्यांना थैली नदीत पडली असती तर, हीच चिंता. विमान सुखरूप उतरल्याला शंभराहून जास्त वर्षं झाली होती.

"मैलाचा दगड गाडीत बसलेल्याले दिसत नाई," ते म्हणायचे. "मांगं गेल्यावर कोनी तरी म्हनते, अरे गेला! म्हनून मी दारात उभा रायतो." तार बंद होणार असं कळलं तेव्हा ते पहाटेच्या गाडीने यवतमाळला आले आणि स्वतःच्याच नावाने ढाणकीला तार केली. मजकूर असा, "तार पोचली का कळवा." मग ती पोचेपर्यंत त्यांनी अंगणातून पाय हलवला नाही. पोचल्यावर उघडली नाही, तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली. काकूंनी कपाळावर हात मारला. "सोताले तार करते, आन् सोताच वाचत नाई! कायले केली मंग?"

वणीकडच्या कोळसा खाणींच्या राजूरला ते एकदा नुसत्या शिक्क्यासाठी गेले होते. शिक्का सुंदर आला, पण परतताना पाकिटाच्या कोपऱ्याला कोळशाची काजळी लागली. यवतमाळपर्यंत ते पाकीट मांडीवर धरून, पुसावं की नको, पुसलं तर पसरेल, नाही पुसलं तर डाग, या विचारात बसले. तोवर मी यवतमाळला राहायला आले होते; आमच्या घरी आले तेव्हा चेहरा उतरलेला. मी खोडरबर पुढे केलं तर त्यांनी हात मागे घेतला. "राहू द्या. राजूरहून आलं हाय, हे आता शिक्का पुसला तरी कयते."

माझी बदली यवतमाळला झाली आणि शहराला लागून लोहाऱ्याला आम्ही घर बांधलं, तेव्हापासून मी त्यांचं यवतमाळचं टोक झाले. त्यांनी ढाणकीहून पाकीट माझ्या नावाने टाकायचं, पुढे त्यांचा शिक्का, आणि मी आमच्या पोस्टमनदादांना गळ घालून मागे इथल्या पोस्टाचा शिक्का मारून घ्यायचा. आत काही नसे. पाकीट वाकू नये म्हणून एक पातळ पुठ्ठा, बस. पहिलं पाकीट मी साहजिकच उघडायला निघाले होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला, "फोडलं तं नाई ना?" तो नियम मी इतकी वर्षं पाळला. बुटांची तीन खोकी भरली. त्यातलं एकही पाकीट मी उघडलेलं नव्हतं.

प्रत्येक पाकिटामागे फोन असे. "पोचलं का? पाह्यलं का? मांगचा शिक्का कसा हाय?" मी वाचून दाखवायचं. आकडा पुसट असला तर पुसट सांगायचं, कारण खोटं त्यांना आवाजावरून कळे. पाकीट कसं बघायचं हेही त्यांनीच मला शिकवलं. "आंधी तिकिटाची बेरीज करा बाई. वजन किती, रजिस्टर हाय का साधं, सारं तिकीटच सांगते. एक कमी असन तं दंड. एक जास्त असन तं त्याले काही तरी कारन असते. उगाच कोनी जास्तीचं तिकीट लावत नाई."

रजिस्टर टपाल हा त्यांचा विशेष जीव. त्यांच्या हिशेबी तिकीट, विमान, पिनकोड हे सगळे टप्पे एका बाजूला आणि रजिस्टर एका बाजूला. साधं पत्र पोचलं म्हणायचं ते विश्वासावर, पण रजिस्टर घेताना समोरच्याला सही करावी लागते. म्हणून महत्त्वाचं काहीही असलं की ते रजिस्टरच करत. एकदा त्यांना आठ दिवसांची रजा हवी होती. डेपो मॅनेजरची केबिन चाळीस पावलांवर. काकांनी अर्ज रजिस्टरने पाठवला. साहेब भडकले, "अरे, तोंडानं सांगता येत नव्हतं का?" काकांचं म्हणणं मी कधी विसरणार नाही. "साहेब, तोंडानं मांगतलं का समोरच्याले नाई म्हनता येत नाई. त्याची पंचाईत होते. कागदावर मांगतलं का तो इचार करू शकते. आन् नसन जमत तं गप बसू शकते. कोनाचाच अपमान नाई." रजा मिळाली. ती काकूंच्या आजारपणासाठी होती, हे साहेबांना अर्ज वाचल्यावर कळलं.

काकू पाच वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या होता, पुण्याकडे कंपनीत. काका ढाणकीच्या दोन खोल्यांत एकटे राहिले आणि माझी काळजी दुप्पट झाली. ते फोन करत तो पाकिटाचा, पण मी त्यांचा आवाज ऐकून घेई. जेवले का, पडले तर नाहीत, डोळ्यात थेंब घालतात का. "पोस्टाचं इचारा हो बाई, माहं काय इचारता," असं म्हणत ते विषय बदलत.

मग गेल्या वर्षी पेपरात बातमी आली. रजिस्टर टपाल आता वेगळं राहणार नाही, स्पीड पोस्टात मिसळणार. सकाळी साडेसहाला फोन. मला वाटलं, काही तरी वाईट झालं. "बाई, रजिस्टर चाललं," ते म्हणाले. माझा चहा उतू गेला. शेवटच्या दिवसाचं पाकीट आपल्याकडे असलंच पाहिजे, हे त्यांनी पक्कं केलं होतं. पण शेवटचा दिवस कोणता? आधी एक तारीख ऐकू आली. मग ती पुढे गेली असं कोणी सांगितलं. पोस्टातल्या बाबूला विचारावं तर तो म्हणे, वरून पत्र येईल तेव्हा खरं. ऐन वेळी पुन्हा पुढे ढकलली तर? किंवा अलीकडे आणली तर? काकांनी त्यावर त्यांच्या स्वभावाला साजेसा तोडगा काढला. रविवार आणि सुटी सोडून रोज एक रजिस्टर. त्यातलं जे शेवटचं ठरेल ते ठरेल.

पहिले काही दिवस गंमत वाटली. पोस्टमनदादा शाळेत येत, मी आता तिथली मुख्याध्यापिका, त्या खुर्चीत बसूनच सही करी, शिक्षक हसत. "मॅडम, आज काय आलं?" मी प्रत्येक पाकीट खिडकीपाशी नेऊन शिक्का बघे आणि काकांना सांगे. पण पहिलं सत्र संपत आलेलं, परीक्षा तोंडावर, त्यात शाळेची तपासणी. रोज सही, रोज फोन, रोज तोच प्रश्न. तिसऱ्या आठवड्यापासून मी पाकिटाकडे बघणं सोडलं. सही करायची, पाकीट कपाटात टाकायचं, आणि फोन आला की म्हणायचं, "पोचलं काका, शिक्का छान आहे." आवाजावरून त्यांना खोटं कळतं, ही भीती होती. पण ते काही म्हणाले नाहीत. मला वाटलं, चला, खपलं.

त्यातलाच एक फोन मला शब्द न् शब्द आठवतो. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. समोर तपासणीचे कागद, दारात दोन शिक्षक उभे.

"पोचलं का बाई?"

"पोचलं काका."

"पाह्यलं?"

"पाहिलं. छान आहे."

"तिकिटं पाह्यले?"

"सगळं पाहिलं, काका."

मग म्हणाले, "आनखी काही सांगाचं हाय का मले?"

"नाही काका, काही नाही."

"बरं," ते म्हणाले. "बरं बाई. काही हरकत नाई." आणि फोन ठेवला.

पाकिटं येत राहिली. शेवटचा दिवस एकदाचा शेवटचा ठरला आणि रजिस्टर थांबलं. फोनही थांबले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मोहीम फत्ते झाली, आता काका निवांत वहीत पाकिटं लावत बसले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. एक-दोनदा फोन केला, उचलला नाही. मनात आलं, बघायला हवं. दिवाळी आली, ते राहून गेलं. दाराबाहेरून तीनदा परत येणारी मी, या एका बाबतीत एकदाही परत आले नाही.

दिवाळीच्या सुटीत एका दुपारी मी ती सगळी पाकिटं शाळेतून घरी आणून जमिनीवर तारखेने मांडली. काकांना एकदम सगळ्यांचं वाचून दाखवावं, म्हणजे माझा खोटेपणा धुऊन निघेल, असा विचार होता. त्यांनी शिकवल्याप्रमाणे आधी तिकिटांची बेरीज. सगळ्यांची सारखी येत होती. एकावर मात्र पाचाचं एक तिकीट जास्त होतं. मला आधी त्यांचीच काळजी वाटली. काकांच्या हातून अशी चूक? आता हे पाकीट त्यांच्या मते बिघडलं, त्यांना झोप लागणार नाही. मग दुसरी गोष्ट दिसली. त्या पाकिटापासून पुढे पत्त्याच्या ओळी खाली घसरत गेल्या होत्या. तिकिटं तिरपी. शेवटच्या दिवसाच्या पाकिटावर तर माझं आडनाव तिकिटाखाली गेलं होतं. ज्या माणसाने आयुष्यात तिकीट वाकडं लावलं नाही, त्याच्या हातचं हे.

मी ते जास्तीच्या तिकिटाचं पाकीट स्वयंपाकघरात नेऊन वजनकाट्यावर ठेवलं. मग शेजारी दुसरं ठेवून बघितलं. हे जड होतं. उजेडात धरलं तर आत पुठ्ठ्यामागे घडी दिसली. ब्लेडसाठी मी तीन खण उपसले. नियम मोडताना भीती वाटत होती, आणि न मोडता इतके दिवस बसले याची त्याहून जास्त. काकांनी शिकवलेलं तसं, बाजूच्या कडेने, अगदी बारीक कापलं. वहीची दोन पानं होती, ठळक, मोठ्या अक्षरांत.

"आदरणीय बाईंस नमस्कार. चांगल्या डोळ्यासमोर खालून काळे येत आहे. यवतमाळला जाऊन दाखवले. तुम्हाला कळवले नाही, तुमची तपासणी होती. डोळ्याचा पडदा सुटला आहे म्हणतात. आठ दिवसांत ऑपरेशन केले तर नजर राहील, नंतर सांगता येत नाही. दुसरा डोळा नसल्याने सोबत घरचे माणूस पाहिजेच आणि फॉर्मवर त्याची सही. पुतण्याने सुटी मागितली तर त्याची नोकरी जाईल. मी तुमचे नाव सांगितले. नाते काय विचारले, तर मी म्हटले, विचारून लिहितो. तरी नात्याच्या जागी काय लिहायचे ते तुम्ही सांगाल तसे. जमत असेल तर फोनवर बोलावे. जमत नसेल तर काहीच बोलू नये, मी समजून घेईन. मी स्वतः विषय काढणार नाही. तुमच्यावर दबाव नको. तुम्हाला अडचणी आहेत हे मला माहीत आहे. आपला नम्र."

खाली सही होती. मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसले. आठ दिवस. मी बोटं मोजली, पुन्हा मोजली. मोजून काय होणार होतं? महिना उलटून गेला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघाले. आर्णी, महागाव, उमरखेड, तिथून ढाणकी. सगळ्या वाटभर कापूस फुटलेला, शेतांत वेचणी चालू. मी मनात एकच घोकत होते, अजून काही तरी होत असेल, आजकाल डॉक्टर काय वाटेल ते करतात, नागपूरला नेऊ. आणि त्याच वेळी त्यांना काय तोंड दाखवू, हेही.

काका अंगणात बाजेवर बसले होते. फाटकाचा आवाज आला तशी त्यांनी मान वळवली, पण माझ्याकडे नाही, थोडी बाजूला. "कोन हाय?"

"मी, काका."

"बाई?" ते गडबडीने उठायला लागले, बाजेची कड चाचपली. "तुमी कायले आल्या इतक्या दूर? बसा, बसा. शेजारची पोरगी आता चहा आनून देईन."

मी जवळ बसले. डोळा उघडा होता, पाणीदार, आणि माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत होता. विचारायचा धीर होत नव्हता, तरी विचारलं.

"उजेड आला-गेला कयते," ते म्हणाले. "मांगच्या हप्त्यात पुतन्या आलता, त्याच्यासंगं दाखवून आलो. डाक्टर म्हने, आता उशीर झाला. जाऊ द्या. किती पाह्यलं या डोयानं, भरपूर पाह्यलं."

त्यांनी पत्राचं नाव काढलं नाही. मला दिसत होतं की ते काढणारही नाहीत, मरेपर्यंत. मी विषय चुकवून परत गेले असते तर त्यांनी मला एसटीपर्यंत सोडायला माणूस दिला असता.

मग मी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. रोजची सही, कपाट, न बघता "छान आहे" म्हणणं, त्या दिवशीचा फोन. "काका, मी ते पाकीट बघितलंच नव्हतं. तिकिटंही बघितली नव्हती. काल उघडलं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांची मान माझ्या आवाजाकडे वळली.

"काल फोडलं?"

"काल."

"म्हंजे तोपावतर वाचलंच नव्हतं?"

"नाही काका."

मी रागाची वाट बघत होते, त्यांनी दोन शब्द सुनवावेत असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी हात पुढे केला, चाचपत माझं मनगट धरलं.

"मी महिनाभर इचार करून राह्यलो, बाई. आपलं काय चुकलं? रोज रजिस्टर धाडून तरास देल्ला, म्हनून कंटायल्या असान. का नात्याचं लिवलं ते लागलं असन. डोयाचं मले येवढं नाई वाटलं. पन बाईनं पाह्यलं, वाचलं, आन् गप बसल्या, हे काही केल्या..." मग त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"म्हंजे तुमी नाई म्हनलं नव्हतं!"